उसना खांदा

रायगड जिल्ह्यातला सगळ्यात निवांत खांदा माझा आहे. ही फुशारकी नाही. यंत्राने तसं सांगितलंय, आणि यंत्राला मी साधा चहासुद्धा पाजलेला नाही. गावात लोक मला आळशी म्हणतात, म्हणोत बापडे. मी हेमंत घरत, पेणच्या एका वाचनालयात सगळी नोकरी काढली. आवाज न करता बसून राहणं हेच तिथलं मुख्य काम, आणि ते मी मन लावून केलं. निवृत्त झाल्यावर तेच काम घरी घेऊन आलो.

माझी बायको जागृती याच्या बरोबर उलट. ती कबड्डीची पंच. आमच्या भागात कबड्डीच्या पंचाला लोक फौजदारापेक्षा जास्त घाबरतात, आणि जागृतीला बाकीचे पंच घाबरतात. तिने हात वर करून ‘बाद’ म्हटलं की खेळाडू मुकाट्याने मॅटबाहेर जाऊन बसतो. घरातही तोच कारभार. घर कुठे घ्यायचं, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, माझ्या आईचं ऑपरेशन करायचं की नाही, सगळं तिने ठरवलं. मी म्हणत आलो, ‘तू म्हणशील तसं.’ याला मी माझा समंजसपणा समजत होतो.

तर या जागृतीच्या उजव्या खांद्यात, मानेच्या बुडाशी, सुपारीएवढी गाठ झाली. आधी हात वर नेताना दुखायचं, मग हात कानाच्या वर जाईचना. वेणी घालता येईना, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. डबा मी काढून दिला असता, पण तिने सांगितल्याशिवाय मला सुचायचं नाही, आणि मला सांगण्यापेक्षा ती त्या डब्याशिवाय स्वयंपाक करायची.

एरवी तिने हेही सोसलं असतं. पण वेळ वाईट होती. हल्ली कबड्डीच्या मॅटमध्येच सेन्सर असतात. कुणाचा पाय रेषेबाहेर गेला, कुणाचं बोट मध्यरेषेला लागलं, ते मॅट स्वतःच सांगते. फक्त एक गोष्ट अजून माणसाच्या कानावर होती. चढाई करणाऱ्याचं ‘कबड्डी कबड्डी’ एका दमात चालू आहे की मध्येच दम तुटला, हे पंचाने ऐकायचं आणि हात वर करायचा. पुढच्या वर्षापासून खेळाडूंच्या गळ्याला माईक लागणार होते. म्हणजे अलिबागची यंदाची राज्य स्पर्धा ही माणसांनी पंचगिरी केलेली शेवटची स्पर्धा. आणि तिच्या अंतिम सामन्याची मुख्य पंच म्हणून जागृतीचं नाव आलं होतं. उभ्या आयुष्यात तिने मागितलेली ही एकच गोष्ट, ती आली आणि हात वर जाईना.

म्हणून आम्ही डॉक्टर शर्वरी दांडेकरकडे गेलो. ही आमच्या मुलीच्या वयाची फिजिओथेरपिस्ट, कोरड्या सुईची डॉक्टर. कोरडी म्हणजे सुईत औषध नसतं. केसाएवढी बारीक सुई नुसती स्नायूत टोचायची.

“काकू, स्नायू आराम करतो ना, तेव्हा तो विजेच्या दृष्टीने अगदी गप्प असतो,” ती समजावून सांगायला लागली. “पण गाठीतले तंतू गप्प बसत नाहीत. ते आवळलेलेच राहतात. आवळले की तिथलं रक्त अडतं, रक्त अडलं की ते आणखी आवळतात. सुई नेमकी गाठीत गेली की स्नायू एकदा उचकी लागल्यासारखा उडतो आणि सैल पडतो. ही पद्धत जुनीच आहे. पण गाठ परत यायची, कारण मेंदूला आवळून धरायची सवय लागलेली असते.”

“मग आता काय नवीन काढलंय?” जागृतीने विचारलं. तिला लांबण आवडत नाही.

“ती उचकी आली की पुढचे काही क्षण मेंदू आणि स्नायूमधली वाट ओल्या शाडूसारखी मऊ असते. तेवढ्यात त्याच सुईतून दुसऱ्या एखाद्या निवांत स्नायूचे संदेश सोडले, तर स्नायू ते उचलतो. त्याला आम्ही साचा म्हणतो. साचा बसला की गाठ परत येत नाही. अडचण एवढीच की साचा त्याच हवापाण्यातल्या माणसाचा लागतो, आणि मला पेणमध्ये निवांत माणूसच मिळत नाहीये. परवा योगासनं शिकवणाऱ्या सरांना टोचून बघितलं. त्यांच्या खांद्यात आठवडी बाजार भरलाय.”

हे सगळं मी ऐकलं ते नंतर जागृतीकडून. त्या वेळी मी बाजूच्या खुर्चीत झोपलो होतो. जागृतीने माझ्याकडे बोट दाखवलं.

“यांना टोचा. यांना कळायचंसुद्धा नाही.”

डॉक्टरने टोचलं. पडद्यावर काहीच उमटेना. तिने वायर तपासली, सुई बदलली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पडद्यावर सरळ रेघ. तिने घाबरून माझी नाडी बघितली. मी तेव्हा जागा झालो आणि म्हणालो, “झालं का? निघायचं?” पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाली, “काका, इतकी शांतता मी पुस्तकातसुद्धा वाचलेली नाही.”

मी जागृतीकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यासमोर माझं कौतुक करत होतं.

त्याच दुपारी जागृतीला सुई टोचली. खांदा एकदा टणकन उडाला, तिने दात आवळले, आणि यंत्राने माझा साचा सोडला. ती सावकाश उठली आणि हात वर केला. कोपर कानाच्या वर गेलं, मग मनगट, मग बोटं थेट छताकडे. ती हाताकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, “तुमचा उपयोग झाला हो.” मला इतकं बरं वाटलं की घरी जाताना मी तिची पिशवी उचलली.

पहिले काही दिवस मजेत गेले. सकाळी मला कुणी उठवलं नाही. दुपारी कुणी विचारलं नाही की तो गिझरवाला कधी येणार आहे. जागृती ओटीवर माझ्या शेजारी येऊन बसायची आणि आम्ही दोघं रस्ता बघायचो. मी मनात म्हटलं, हा खरा संसार.

मग एक दिवस दूध उतू गेलं. वास आला तशी मी वाट बघितली. माझ्या अनुभवात दूध उतू जायला लागलं की जागृती उठते. ती उठली नाही. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिचे दोन्ही खांदे वर जाऊन खाली आले. हनुवटी जराशी पुढे, ओठ जरासे बाहेर. हुबेहूब मी. आरशात बघितल्यासारखं झालं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

आमचा फ्रीज भाजी मागवण्याआधी विचारतो. त्याने विचारलं, आज काय मागवू? जागृतीचे खांदे उडाले. उत्तर मिळालं नाही की हा फ्रीज आदल्या दिवशीची यादी पुन्हा पाठवतो. घरात रोज मुळा यायला लागला. पाणीपट्टी, मुलीचा फोन, गिझर, मुळा, सगळं साचत चाललं, आणि कुणालाच त्याची काळजी नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरात काळजीची एक जागा असते आणि ती रिकामी राहत नाही. आपण सरकलो नाही तरी ती जागा सरकत सरकत आपल्या बुडाखाली येते. मी उठलो. फ्रीजला सांगितलं, मुळा बंद. आयुष्यातला माझा हा पहिला हुकूम.

एव्हाना डॉक्टर शर्वरीने एक घोळ करून ठेवला होता. साचा इतका उत्तम निघाला म्हणून तिने तो दिसेल त्याला बसवला. गणपतीच्या कारखान्यांतले मूर्तिकार, रिक्षावाले, शाळेतल्या बाई. सगळ्यांची दुखणी पळाली. पण चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराला कुणी विचारलं, “साहेब, जाऊ का?” की त्याचे खांदे उडायचे. चारी बाजूंच्या गाड्या एकमेकींकडे बघत उभ्या. मूर्तिकाराला गिऱ्हाईक विचारायचं, “मूर्ती कधी मिळेल?” की तेच. गावात कुणाचीच मान दुखत नव्हती आणि कुणाकडूनच धड उत्तर मिळत नव्हतं.

पण खरं संकट आलं ते मैदानात. स्पर्धेआधी एक सराव सामना होता. जागृती शिट्टी गळ्यात घालून उभी राहिली, ताठ, नेहमीसारखी. एका चढाईत पोराला चौघांनी धरलं, त्याने रांगत बोट मध्यरेषेला लावलं. मॅटचा दिवा लागला. बोट लागलं हे खरं, पण त्याआधी दम तुटला होता का? सगळे जागृतीकडे बघायला लागले. आणि माझ्या बायकोने, जिच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळते तिने, खांदे उडवले.

दोन्ही संघांनी आपलाच गुण समजून जल्लोष केला. मग दोन्ही संघ एकमेकांच्या अंगावर गेले. कुणीतरी म्हणालं, “काकू, नक्की काय?” पुन्हा खांदे. शेवटी खेळाडूंनीच आपसांत समजुतीने गुण वाटून घेतले. कबड्डीत असलं अभद्र काही मी आजवर ऐकलं नव्हतं.

घरी येऊन ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मी आधी दारात उभा राहिलो, मग जाऊन शेजारी बसलो.

“दम तुटला होता हो,” ती म्हणाली. “मला लख्ख ऐकू आलं. हात वर करायचा एवढंच होतं. आणि नेमकं त्या क्षणी वाटलं, जाऊ दे, काय फरक पडतो. तुम्हाला रोज असंच वाटतं का?”

खोटं कशाला बोलू? मी म्हणालो, “हो.”

“किती बरं वाटत असेल तुम्हाला,” ती म्हणाली आणि आणखी रडली. “मला कधीच नाही वाटलं. तुम्ही म्हणायचात, तू म्हणशील तसं. म्हणजे बरोबर आलं तर आपलं, चुकलं तर माझं. आईंच्या ऑपरेशनच्या वेळी मी बाहेर बाकावर बसले होते ना, ती गाठ तिथली आहे. तुम्ही तिथेही झोपला होतात.”

मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट की काय करावं ते सुचेना, आणि या वेळी ‘तू सांग’ असं म्हणायचीही सोय नव्हती. मी उठून डॉक्टरला फोन केला.

दवाखान्यात गेलो तर डॉक्टर शर्वरीचा चेहरा उतरला होता. “माझं चुकलं, काका. मला वाटलं साच्यातून फक्त आराम जाईल. पण माणूस आराम कसा करतो हेही त्याच्यासोबत जातं. प्रश्न आला की तुम्ही खांदे उडवता आणि मगच तुमचा स्नायू शांत होतो. तुमच्या शांततेत ते विणलेलंच आहे. काकूंचं डोकं ठरवतं बाद, पण त्याआधी खांदा म्हणतो, आपल्याला काय.”

“काढून टाक तो साचा,” जागृती म्हणाली.

“काढला तर गाठ परत येईल. हात वर जाणार नाही.” तिने माझ्याकडे बघितलं. “एक उपाय आहे. काकांचा नवा साचा घ्यायचा. खांदा असाच शांत हवा, पण प्रश्न आला की उडायला नको. काकांनी सरळ उत्तर द्यायची सवय लावून घेतली तर स्पर्धेच्या आत जमेल.”

जागृती हसली. कित्येक दिवसांनी हसली, पण ते हसू काही आशेचं नव्हतं.

तरी तिने मला शिकवायला घेतलं. खांदे तिचे सैल असले तरी शिट्टी तोंडात धरली की बाई शुद्धीवर यायची. मी ओटीवर उभा, ती समोर.

“चहा की कॉफी?”

“काहीही चालेल.” शिट्टी. बाद. बाद झालो की अंगणात जाऊन उभं राहायचं, आणि पुढचं उत्तर सरळ दिलं तर जिवंत होऊन ओटीवर परत यायचं. कबड्डीचाच नियम.

“शेजाऱ्यांच्या फणसाची फांदी आपल्याकडे आलीय. तोडायला सांगायची का?”

“बघू या की.” शिट्टी.

पहिल्या दिवशी मी जास्त वेळ अंगणातच होतो. शेजारचे लोक कठड्यावर बसून बघायचे. पण हळूहळू जमायला लागलं. चहा. फांदी राहू दे, फणस आपण खाऊ. गिझर दुरुस्त नको, नवा घ्यायचा. एकदा तिने विचारलं, “मी आज कशी दिसते?” तर मी म्हणालो, “दमलेली.” ती शिट्टी वाजवायला विसरली.

आणि गंमत बघा, उत्तरं द्यायला लागलो तशी माझी मान दुखायला लागली. गिझर नवा घेतला आणि तो पहिल्याच दिवशी गळला. आता चुकलं ते माझं होतं. दुकानदाराशी भांडून आलो आणि संध्याकाळी मानेला तेल चोळत बसलो. जागृतीने बघितलं. बाटली माझ्या हातातून घेतली आणि स्वतः चोळून दिलं.

नवा साचा घेतला तेव्हा पडद्यावरची रेघ अगदी सरळ नव्हती. मधूनमधून बारीक थरथर होती. मला वाटलं सगळं वाया गेलं. डॉक्टरने प्रश्नांमागून प्रश्न विचारले, मी उत्तरं देत गेलो, खांदा जागचा हलला नाही. “एवढी कुरकुर चालेल,” ती म्हणाली. “माणसाच्या खांद्यात एवढी असायलाच हवी.” तिने जागृतीला तो साचा बसवला, आणि मग रांगेने अख्ख्या पेणला.

अलिबागचं स्टेडियम भरलं होतं. अंतिम सामना निळ्यांचा आणि पिवळ्यांचा. मी डॉक्टरबरोबर पहिल्या रांगेत बसलो होतो, आणि कधी नव्हे तो पूर्ण जागा होतो. दोन्ही संघ बरोबरीत, शेवटची चढाई. पिवळ्यांचा पोरगा आत घुसला, निळ्यांनी त्याला मगरमिठी मारली, तो लोळत फरफटत गेला आणि बोट मध्यरेषेला लागलं. दिवा लागला. जागृतीचा हात वर गेला, सरळ, छपराकडे. दम तुटला. बाद.

निळे जिंकले. मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही.

पण पिवळ्यांचे प्रशिक्षक भोईटे सर लगेच तक्रार समितीपुढे उभे राहिले. पेणच्या खांद्याची बातमी राज्यभर झाली होती. ते म्हणाले, “आमची हरकत साधी आहे. पंचाचा खांदा उसना आहे. त्यात नवऱ्याचा साचा बसवलाय. तो हात बाईंचा नाहीच. मग निर्णय कुणाचा? आम्हाला चढाई पुन्हा हवी.”

डॉक्टरने जीव तोडून सांगितलं की साचा स्नायूला आराम शिकवतो, न्याय नाही. समितीच्या अध्यक्षबाईंनी ऐकून घेतलं, पण पटल्यासारखं दिसलं नाही. जागृती भिंतीशी उभी होती. निर्णय फिरला असता तर तिच्या शेवटच्या सामन्याची आठवण म्हणून एवढंच राहिलं असतं, की हात तिचा नव्हता.

अध्यक्षबाईंनी मला उभं केलं. “घरत, तुम्ही सामना बघितलात?”

“हो.”

“शेवटच्या चढाईत दम तुटला होता का? तुम्हाला स्वतःला काय वाटलं?”

पंचाईत झाली, कारण मला पहिल्या रांगेत ऐकू आलं होतं, की पोराचा दम शेवटपर्यंत टिकला. निदान माझ्या कानांना तरी तसं वाटलं. पूर्वीचा मी असतो तर काय केलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. खांदा उडायला आला होता. मी तो जागच्या जागी धरून ठेवला.

“नव्हता तुटला,” मी म्हणालो. “माझ्या मते तो बाद नव्हता.”

भोईटे सरांनी टाळी वाजवली. “ऐका, सख्खा नवरा सांगतोय.” जागृती माझ्याकडे बघत होती. तिची नजर मला सहन होईना. मी चपलांकडे बघितलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. एवढं शिकवलं बिचारीने आणि त्याचं मी हे केलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. “भोईटे, तुमचं म्हणणं काय होतं? हात यांच्या साच्याने वर गेला?”

“हो. तेच म्हणतोय.”

“साच्याचे मालक म्हणतायत, बाद नव्हता. हात मात्र बाद म्हणून वर गेला. मग हात यांच्या मताने कसा चालला?”

बाईंनी चष्मा परत घातला.

“निर्णय पंचांचाच होता,” बाई म्हणाल्या. “कायम.”

परतीच्या बसमध्ये जागृती खिडकीशी बसली. पोयनाडपर्यंत बाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळली.

“अहो, तुटला होता दम.”

“नव्हता.”

“मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.”

“मी पहिल्या रांगेत होतो. ‘कबड्डी’चं शेवटचं ‘डी’ ऐकलंय मी.”

“तुमचे कान वाचनालयातले. पेन पडलं तरी दचकणारे. तुम्हाला काय कळतो दम?” बोलताना तिचा हात वरच्या सामानाच्या फळीला लागत होता आणि तिला त्याचं भानही नव्हतं.

“कळतो. आणि बाद नव्हता म्हणजे नव्हता.”

वडखळ आलं, गेलं, तरी ती ऐकेना आणि मीही. पुढच्या बाकावरचे लोक मागे वळून बघायला लागले. एका म्हाताऱ्याने मला हळूच खूण केली, की जाऊ द्या, बायकांशी कुठे वाद घालता. मी त्याला काय सांगणार? आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली आणि हे आमचं पहिलं भांडण होतं. याआधी नुसती ती भांडायची.